मरीआईचा गाडा आणि लंडनचा नकाशा

आमच्या आजीला पटकीची एकच साथ नीट आठवत असे. पण ती सांगू लागली की तिचा आवाज आपोआप खाली येई आणि आम्ही पोरे तिच्या लुगड्याला अधिकच बिलगून बसत असू. गाव लहान. टेकाडावर वरची आळी आणि ओढ्याच्या काठाने खालची आळी. सकाळी खालच्या आळीत कुणाला जुलाब-वांत्या सुरू झाल्या की दिवेलागणीला तिरडी बांधायची. शेवटी शेवटी बांधायलाही माणूस मिळेना. मग गावाने मरीआईचा गाडा केला. लाकडाचा छोटा गाडा, त्यावर देवीला नवे लुगडे-चोळी, लिंबू, नारळ. वाजतगाजत तो शिवेपार नेऊन सोडला. पुढल्या गावाने तो त्याच्या पुढल्या गावाच्या शिवेवर लोटला असेल.

"वरच्या आळीत किती माणसे गेली गं?" मी एकदा विचारले.

"दोनच. देवीचा गाडा उताराने जातो, बाबा. चढ चढत नाही."

लहानपणी ऐकलेले हे वाक्य मी कधी विसरलो नाही. पुढे मास्तर झालो, वर्गात भूगोलाचे नकाशे टांगू लागलो आणि वाचनाच्या नादात एके दिवशी एका इंग्रज अधिकाऱ्याने १८५२ साली छापलेल्या कोष्टकापाशी येऊन थबकलो. आमच्या आजीने जे सांगितले होते तेच त्या गृहस्थाने सांगितले होते. फरक एवढाच की त्याने ते आकड्यांत मांडले होते, आणि त्यासाठी एक सूत्रही तयार केले होते. आजी आणि तो अधिकारी या दोघांच्या निरीक्षणात काडीचीही चूक नव्हती. तरीही दोघे चुकले होते. दिवाळीच्या दिवसांत रोगराईची कथा कशाला, असे काही वाचकांना वाटेल. पण ही कथा मरणापेक्षा माणसाच्या जिज्ञासेची अधिक आहे, आणि तिचा शेवट स्वयंपाकघरातल्या पाण्याच्या कळशीपाशी होतो. तेव्हा थोडा वेळ द्यावा.

*

पटकी ही मूळची आपल्याकडची. गंगेच्या मुखाशी बंगालमध्ये ती पिढ्यान् पिढ्या नांदत होती. १८१७ साली जेसोरच्या बाजूला तिचा जो भडका उडाला तो मात्र बंगालात मावला नाही. फौजांबरोबर, यात्रेकरूंबरोबर आणि व्यापाऱ्यांबरोबर ती देशभर हिंडली. पेशवाई बुडाली त्याच १८१८ साली ती मुंबईस पोचली. तिथून पुढे गलबतांनी आणि तांड्यांनी तिला जगभर नेले. १८३१ साली ती इंग्लंडच्या सुंदरलंड बंदरात उतरली आणि पुढल्या वर्षी लंडनमध्ये शिरली. १८४८-४९ च्या साथीत एकट्या लंडन शहराने चौदा हजारांहून अधिक माणसे गमावली.

त्या काळचे लंडन म्हणजे वैभव आणि घाण यांचा शेजार. घराखाली मैल्याचे खड्डे, गटारे थेट थेम्स नदीत सोडलेली, आणि पिण्याचे पाणीही बहुतेक त्याच नदीचे. डॉक्टरांची पक्की समजूत अशी की, रोग दूषित हवेतून होतो. घाण कुजते, तिच्यातून विषारी वाफ उठते, ती श्वासाबरोबर आत गेली की माणूस आजारी पडतो. नाकाला पटेल असेच ते मत होते. जिथे दुर्गंधी तिथे रोग, हे तर कुणालाही दिसत होते.

विल्यम फार या अधिकाऱ्याचेही मत हेच. १८०७ साली श्रॉपशर परगण्यात एका गरीब कुटुंबात जन्मलेला हा माणूस वैद्यक शिकला, पण रमला आकड्यांत. इंग्लंडात १८३७ पासून प्रत्येक मृत्यूची सरकारदरबारी नोंद होऊ लागली होती. फार त्या कचेरीत लागला आणि मृत्यूच्या कारणांचे वर्गीकरण करण्यात त्याने सारे आयुष्य घालवले. आज डॉक्टर मृत्यूच्या दाखल्यावर जे कारण लिहितात, त्या पद्धतीची घडण ज्यांनी केली त्यांत त्याचे नाव अग्रभागी आहे.

१८४९ ची साथ ओसरल्यावर फारने लंडनचे ३८ विभाग समोर घेतले. प्रत्येक विभागात दर दहा हजार वस्तीमागे किती माणसे पटकीने गेली ते काढले. मग त्या विभागाची जितकी म्हणून माहिती हाताशी होती ती शेजारी मांडली. वस्ती किती दाट, घराचे मोल किती, गरिबांसाठी कर किती बसतो, पाणी कुठून येते आणि जमीन थेम्सच्या भरतीच्या पाण्यापासून किती उंच. या साऱ्यांत उंचीचा धागा त्याला सर्वांत ठळक दिसला. वीस फुटांहून सखल भागात दर दहा हजारांत १०२ मृत्यू. वीस ते चाळीस फुटांत ६५. पुढे चाळीस ते साठला ३४, ऐंशीपर्यंत २७, शंभरपर्यंत २२, एकशेवीसपर्यंत १७. आणि साडेतीनशे फुटांवरच्या हँपस्टेडच्या टेकडीवर फक्त ८.

शिडीच्या पायऱ्या उतराव्यात तसे हे आकडे उतरतात. फारने त्यावरून एक सूत्र बांधले. उंची सांगा, मी मृत्यूचे प्रमाण सांगतो. सूत्राने काढलेले आकडे आणि प्रत्यक्षातले आकडे जवळजवळ जुळले. सखल भागात नदीची विषारी वाफ दाट, उंचावर ती विरळ होत जाते, असा त्याने अर्थ लावला. मरीआईचा गाडा चढ चढत नाही!

*

फारने जे केले त्याला आजचे संख्याशास्त्रज्ञ रिग्रेशन म्हणतात. आपल्या पाठ्यपुस्तकांत त्याला 'समाश्रयण' असा भारदस्त शब्द आहे. 'रिग्रेशन' हा शब्द रूढ केला फ्रान्सिस गाल्टन याने. १८८६ साली आईबापांची उंची आणि मुलांची उंची यांचा मेळ घालताना त्याने तो वापरला. कल्पना मात्र सोपी आहे. मी वर्गात ती अशी सांगतो. पोरांनी किती तास अभ्यास केला ते आडव्या रेघेवर मांडा, गुण किती पडले ते उभ्या रेघेवर. कागदभर ठिपके पडतील. त्या ठिपक्यांच्या मधून, सर्वांना शक्य तितकी जवळ पडेल अशी एक रेघ ओढा. ही रेघ सांगते की, एक तास अभ्यास वाढला तर सर्वसाधारणपणे गुण किती वाढतात.

पण सगळे ठिपके काही रेघेवर बसत नाहीत. कुणी वर राहतो, कुणी खाली. रेघ आणि ठिपका यांच्यामधले हे अंतर म्हणजे शेष. अनुभवी मास्तर रेघेपेक्षा या शेषाकडे अधिक पाहतो. रेघेच्या कितीतरी खाली राहिलेली चार पोरे जर एकाच बाकावरची निघाली, तर समजावे की त्या बाकाचे काहीतरी वेगळे आहे. कदाचित तिथून फळा दिसत नसेल.

रोगाचा अभ्यास करताना विद्यार्थ्यांच्या जागी गावे येतात आणि बाकाच्या जागी नकाशा येतो. इथे आणखी एक अडचण असते. गावे एकमेकांना खेटून असतात. दिवाळीत आपल्या अंगणात किती उजेड पडला हे मोजायचे, तर केवळ आपल्या पणत्या मोजून भागत नाही; शेजारणीच्या आकाशकंदिलाचा उजेडही भिंतीवरून आपल्याकडे येतो. तसाच रोग शेजारच्या वस्तीतून येतो, पाणी येते, वाराही येतो. म्हणून प्रत्येक गाव सुटे धरून केलेला हिशेब फसवा ठरतो. शेजाराचा हा प्रभाव मोजण्याची एक रीत १९५० साली पी. ए. पी. मोरान या संख्याशास्त्रज्ञाने मांडली. पुढे त्यातून जे शास्त्र वाढले त्याला स्थानीय समाश्रयण म्हणता येईल. आज हिवताप, डेंगू, पटकी असल्या रोगांचा पाऊस, तापमान, पाणी आणि वस्तीशी असलेला संबंध संगणकावर याच रीतीने तपासला जातो.

फारजवळ यातले काही नव्हते. होती फक्त शाई, कागद आणि प्रामाणिकपणा. त्याची रेघ उत्तम बसली होती. आणि तीच त्याला फसवत होती.

*

फसवणूक ज्याने उघडकीस आणली तो जॉन स्नो १८१३ साली यॉर्क गावी एका मजुराच्या घरात जन्मला. नऊ भावंडांत थोरला. चौदाव्या वर्षी एका शल्यवैद्याकडे उमेदवारीला लागला, आणि इंग्लंडातल्या पहिल्या साथीतच त्याला किलिंगवर्थच्या कोळसा खाणीत रोग्यांच्या सेवेला धाडण्यात आले. पुढे लंडनला येऊन त्याने क्लोरोफॉर्म देण्याच्या विद्येत नाव मिळवले. १८५३ साली खुद्द व्हिक्टोरिया राणीच्या बाळंतपणात क्लोरोफॉर्म द्यायला त्यालाच बोलावले होते. वायू फुफ्फुसात गेला की शरीरावर काय परिणाम करतो, हे ज्याला रोज पाहावे लागे त्याला 'विषारी हवे'चे मत पटेना. हवेने रोग होतो तर तो आधी छातीला हवा. पटकी तर सुरू होते पोटात. म्हणजे विष तोंडावाटे जात असले पाहिजे. १८४९ मध्येच त्याने हे पुस्तिकेत छापले. फारसे कुणी मनावर घेतले नाही.

१८५४ च्या ३१ ऑगस्टच्या रात्री लंडनच्या सोहो भागात ब्रॉड स्ट्रीटच्या आसपास पटकीचा स्फोट झाला. तीन दिवसांत १२७ माणसे गेली. साथ संपेपर्यंत हा आकडा ६१६ वर गेला. स्नो जवळच राहत होता. तो घरोघर हिंडू लागला. प्रश्न एकच, पाणी कुठले पीत होता?

उत्तरे गोळा झाली ती विलक्षण होती. पोलंड स्ट्रीटवरच्या अनाथ-गरिबांच्या आश्रमात ५३५ माणसे दाटीवाटीने राहत होती. चारी बाजूंना मरण; पण तिथे गेली केवळ पाच. आश्रमाची स्वतःची विहीर होती. ब्रॉड स्ट्रीटवरच बियरची एक भट्टी होती. तिथल्या सत्तरेक कामगारांतले एकही मेले नाही. त्यांना बियर मिळे, ते पंपाकडे फिरकतच नसत. उलट त्याच रस्त्यावर बंदुकीच्या टोप्या करणारा कारखाना होता. तिथे कामगारांसाठी त्या पंपाचे पाणी पिंपात भरून ठेवीत. तिथले अठरा जण गेले.

आणि मग ती हँपस्टेडची विधवा. फारच्या कोष्टकातली सर्वांत उंच, सर्वांत सुरक्षित टेकडी. तिथे त्या वेळी साथीचे नाव नव्हते. तरी ही बाई २ सप्टेंबरला पटकीने गेली. स्नोने तिच्या मुलाला गाठले तेव्हा उलगडा झाला. बाई पूर्वी ब्रॉड स्ट्रीटला राहायची. तिथल्या पाण्याची चव तिच्या जिभेवर राहिली होती. मुले रोज गाडीबरोबर त्या पंपाचे बाटलीभर पाणी तिला पाठवीत. तिची भाची भेटायला आली होती. तेच पाणी पिऊन इझ्लिंग्टनला परत गेली आणि तीही वारली. मायेने पाठवलेल्या त्या बाटलीसाठी साडेतीनशे फुटांचा चढ काय मोठा होता!

७ सप्टेंबरच्या संध्याकाळी स्नो त्या भागाच्या पंचांपुढे उभा राहिला. दुसऱ्या दिवशी पंपाचा दांडा काढण्यात आला. पुढे त्याने नकाशा छापला. ज्या घरात मृत्यू त्या घरापुढे एक काळी रेघ, दोन असतील तर दोन. पंपाभोवती त्या रेघांचा काळोख दाटला होता. एका सुधारलेल्या नकाशात तर त्याने, कुठल्या घरातून कुठला पंप पायी जायला जवळ, याची सीमारेषाही ओढली. पक्षी उडेल तसे अंतर न मोजता, बादली घेऊन चालणाऱ्या बाईला पडेल ते अंतर त्याने मोजले. मला स्वतःला साऱ्या नकाशात ही रेघ फार थोर वाटते.

शाळेच्या पुस्तकांत ही गोष्ट 'दांडा काढला आणि साथ थांबली' अशी संपते. तसे नव्हते. साथ त्याआधीच उतरणीला लागली होती, आणि हे स्नोने स्वतःच लिहून ठेवले आहे. नकाशाही नंतरचा, शोध लागला तो चालून आणि विचारून. शेवटचा दुवा तर त्याच्या एका विरोधकाने आणून दिला. हेन्री व्हाइटहेड हा तिथला तरुण पाद्री स्नोचे म्हणणे खोडून काढायला निघाला होता. घरोघर विचारता विचारता त्याला कळले की, पंपाला लागून असलेल्या ४० क्रमांकाच्या घरात एक तान्हे बाळ साथीच्या आधीच जुलाबाने आजारी पडले होते. आईने दुपटी धुतलेले पाणी घराच्या मैलाखड्ड्यात टाकले होते. खड्डा उकरला तेव्हा तो विहिरीपासून तीनच फुटांवर निघाला आणि विहिरीत पाझरत होता. व्हाइटहेड स्नोच्या बाजूला आला.

*

तरीही एक गल्ली म्हणजे पुरावा नव्हे. स्नोने त्याच साली दुसरा, याहून मोठा डाव मांडला. दक्षिण लंडनमध्ये पाण्याच्या दोन कंपन्या होत्या. एकाच रस्त्यात, कित्येकदा भिंतीला भिंत लागलेल्या घरांत, एका घरी हिचे पाणी तर दुसऱ्या घरी तिचे. उंची तीच, हवा तीच, गरिबी-श्रीमंती तीच. लँबेथ कंपनीने १८५२ मध्ये आपले पाणी उचलण्याचे ठिकाण शहराच्या वर, थेम्स डिटनला हलवले होते. सदर्क अँड व्हॉक्सहॉल कंपनी मात्र अजून बॅटर्सीजवळचे, शहराची गटारे मिसळलेलेच पाणी देत होती. तीन लाख माणसांवर न विचारता एक प्रयोगच चालला होता.

अडचण अशी की, आपल्याकडे कुणाचे पाणी येते हे भाडेकरूंना ठाऊक नसे. स्नोने त्यावर तोड काढली. शहरातल्या पाण्यात मिठाचा अंश वरच्या पाण्यापेक्षा सुमारे चाळीसपट अधिक होता. नळाचे थोडे पाणी शिशीत घ्यायचे, त्यात चांदीचा क्षार घालायचा. ढगाळ झाले तर गटाराचे. साथीच्या पहिल्या सात आठवड्यांचा हिशेब असा निघाला: सदर्क कंपनीची ४०,०४६ घरे, मृत्यू १,२६३, लँबेथची २६,१०७ घरे, मृत्यू ९८. दर दहा हजार घरांमागे इकडे ३१५ आणि तिकडे ३७.

या शोधात मेलेल्यांचे पत्ते स्नोला कुणी दिले? विल्यम फारने. ज्याचे मत पटत नव्हते त्याला त्याने आपल्या दप्तराचे कागद मोकळेपणाने दिले, आणि मृत्यू नोंदवताना त्या घरचे पाणी कुठल्या कंपनीचे हेही लिहावे, असे आपल्या माणसांना सांगितले.

स्नो १८५८ साली पंचेचाळिसाव्या वर्षी वारला. आपले म्हणणे जगाने मान्य केलेले त्याला पाहायला मिळाले नाही. १८६६ मध्ये पटकी पुन्हा आली ती पूर्व लंडनवर तुटून पडली. तिथल्या पाणी कंपनीचा दावा होता की, न गाळलेला थेंबही आम्ही देत नाही. पण लोकांच्या नळातून ईल जातीचे सर्पाकार मासे निघत होते! फारने आकडे मांडले. या वेळी उंचीने काही उलगडेना. कंपनीच्या पाण्याने सगळे उलगडले. तेव्हा साठीला टेकलेल्या त्या माणसाने सरकारी अहवालात स्नोचे श्रेय मान्य केले आणि पाण्याच्या बाजूने उभा राहिला. आपल्याच हातच्या, इतक्या सुबक सूत्रावर पाणी सोडायला किती मोठे मन लागत असेल! फार १८८३ साली गेला. त्याच वर्षी रॉबर्ट कॉख पटकीच्या मागावर इजिप्तला गेला आणि १८८४ च्या आरंभी कलकत्त्यात त्याने तिचा जंतू वेगळा करून दाखवला. इटलीत पाचिनीने तो १८५४ मध्येच सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला होता. त्याचेही कुणी ऐकले नव्हते.

*

मग फारची उंचीची रेघ खोटी होती काय? नव्हती. सखल भाग नदीच्या काठी, म्हणून त्यांचे पाणी नदीच्या घाणेरड्या पट्ट्यातले. उंची हा पाण्याने पांघरलेला बुरखा होता. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात इंग्लंडच्या संशोधकांनी फारच्याच ३८ विभागांचे तेच आकडे आजच्या समाश्रयणाच्या रीतीने पुन्हा तपासले. उंचीचा परिणाम राहिला, गरिबीचाही वेगळा निघाला. पण सर्वांत अधिक बोट दाखवले गेले ते पाण्याकडे. उत्तर फारच्या कोष्टकातच होते. आणखी एक सावधगिरी डब्ल्यू. एस. रॉबिन्सन या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने १९५० मध्ये शिकवली होती: वस्तीच्या सरासरीवरून त्या वस्तीतल्या एकेका माणसाबद्दल निष्कर्ष काढू नये. हँपस्टेडच्या त्या बाईने हे शंभर वर्षे आधीच दाखवले होते.

ही विद्या शिकल्यावर मला आजीचे वाक्य पुन्हा ऐकू आले आणि मी चमकलो. वरची आळी उंचावर होती हे खरे. पण वरच्या आळीत दगडी बांधणीची, बाराही महिने निवळ पाण्याची विहीर होती. खालची आळी ओढ्याचे पाणी पीत होती. वस्तीची घाण, गुरे, मयतांचे कपडे, सारे त्याच ओढ्यात. मग खालची माणसे वरच्या विहिरीवर का जात नव्हती? चढ काही फार नव्हता. आजी हंडा घेऊन दिवसातून दोनदा तो चढत होती. त्यांना त्या विहिरीला हात लावायची बंदी होती. २० मार्च १९२७ ला महाडच्या चवदार तळ्यावर बाबासाहेब आंबेडकरांनी ओंजळभर पाणी घेतले ते कशासाठी, हे मी वर्गात वर्षानुवर्षे शिकवत होतो. पण माझ्या गावातली 'दोनच' आणि खालची न मोजलेली माणसे यांच्यामध्ये तीच ओंजळ उभी आहे, हे मला लंडनच्या नकाशाने शिकवले. आमच्या गावात उंचीच्या बुरख्याआड जात होती. ते मरण आम्ही देवीच्या नावावर घातले आणि गाडा पुढे लोटला.

शेवटी एक गोड गोष्ट. बंगालच्या उपसागरात पटकीचा जंतू पाण्यातल्या सूक्ष्म जीवांना चिकटून राहतो, हे रीटा कॉलवेल या शास्त्रज्ञ बाईंनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले. मग त्यांनी विचार केला, हे जीव गाळले तर? बांगलादेशच्या मतलब भागात ६५ खेड्यांत प्रयोग झाला. त्याचा निष्कर्ष २००३ साली छापून आला: जुनी, धुवून मऊ झालेली सुती साडी निदान चार पदरी घडी करून घागरीच्या तोंडाला लावून पाणी गाळले, तर पटकी जवळजवळ निम्म्याने घटते.

आमची आजी रोज लुगड्याच्या जुन्या फडक्यातून पाणी गाळायची. का, म्हणून विचारले तर म्हणायची, "गाळून प्यावं, बाबा. आपल्या सासूनं सांगितलंय." चुलीमागच्या खुंटीवर ते फडके वाळत असे. या दिवाळीत घर आवरताना ते सापडले नाही. पण त्या जुन्या विहिरीवर मी जाऊन आलो. आता तिला पंप बसवला आहे, आणि नळ दोन्ही आळ्यांत जातो.